बालाघाटावरचे अमेरिकन

बीडहून निघालेला रस्ता मांजरसुंब्याचा घाट चढला की फुटतो. डावा केज-अंबाजोगाईकडे जातो, उजवा पाटोद्यावरून जामखेडला. उजव्या रस्त्याला बालाघाटाचं पठार लागतं. ज्वारी-तुरीची हलकी रानं, मधूनच एखाद्या पाझर तलावाचा बांध, आणि दिवाळीनंतर गेलात तर कुलपं लागलेली घरं. घरातली कर्ती माणसं तेव्हा कोयते घेऊन सांगली-कोल्हापूरच्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यांवर ऊसतोडीला गेलेली असतात.

परदेशी गेलेल्या अमेरिकन माणसाकडे तिथले लोक कसे पाहतात, यावर आजवर भरपूर लिहून झालं आहे. पण ते बहुतेक पॅरिसच्या नाहीतर टोकियोच्या हॉटेलांत बसून. मोठ्याने बोलणारा, सढळ हाताने खर्च करणारा, इंग्रजीपलीकडे काही न येणारा असा एक अमेरिकन त्या लिखाणात ठरून गेलेला आहे. मी हाच प्रश्न घेऊन बीड-नगरच्या शिवेवर फिरायला निघालो. या दुष्काळी पट्ट्याचा अमेरिकेशी असलेला संबंध दोनशे वर्षांचा आहे. त्यात धान्य आहे, शाळा आहेत, दवाखाने आहेत, भक्ती आहे आणि संशयही आहे.

पाटोद्याला चहाच्या टपरीवर अमेरिकेचा विषय काढला, तेव्हा बाकावरच्या धोतर-टोपीतल्या आजोबांनी पहिला शब्द उच्चारला तो ‘मिलो’. १९७२चा दुष्काळ. पाठोपाठ पाऊस गेला, विहिरी तळाला गेल्या आणि माणसं खडी फोडायच्या कामावर गेली. त्या दिवसांत रेशनवर परदेशातून लाल ज्वारी आली. तीच मिलो. तिची भाकरी थापताना तुटायची, रंगाने काळपट लाल व्हायची आणि वासाने घशाखाली उतरायची नाही. शाळू खाणाऱ्या मराठवाड्याला ती भाकरी खावी लागली. आजोबांच्या शेजारी बसलेल्यांना शाळेतली सुकडी आठवत होती, दुधाची पावडर आठवत होती, आणि गोणीवर छापलेले एकमेकांत गुंतलेले दोन हात तर सगळ्यांनाच आठवत होते. अमेरिकेच्या मदतीचं ते चिन्ह. प्रत्यक्ष अमेरिकन माणूस यांतल्या कुणी तेव्हा पाहिलेला नव्हता. अमेरिका म्हणजे एक गोणी, त्या गोणीतलं धान्य, आणि ते खाताना वाटलेली लाज व उपकार दोन्ही.

त्या धान्याला आणखी एक संदर्भ होता. १९७१च्या डिसेंबरात बांगलादेशचं युद्ध चालू असताना निक्सन सरकारने सातव्या आरमारातलं एंटरप्राइझ हे जहाज बंगालच्या उपसागराकडे धाडलं होतं. खेड्यापाड्यांतल्या रेडिओवर ती बातमी लोकांनी ऐकली होती आणि अमेरिकेच्या नावाने बोटं मोडली होती. त्यानंतर लवकरच त्याच देशाची ज्वारी ताटात आली. पोटाला आधार देणारा आणि देशाला धमकावणारा देश एकच, हे ज्या पिढीने पाठोपाठ अनुभवलं, तिचं अमेरिकेविषयीचं मत सरळ रेषेत असण्याची अपेक्षाच चूक आहे.

बांधाबांधावर माजलेल्या गाजर गवताचा दोषही इथे अमेरिकेच्याच माथी जातो. काँग्रेस गवत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या तणाची पुण्यात १९५६मध्ये नोंद झाली. त्याच वर्षी पीएल-४८० कायद्याखाली अमेरिकन गहू देण्याचा करार भारताशी झाला. गवत त्या गव्हातूनच आलं की आधीपासून होतं, याबद्दल अभ्यासकांत वाद असला तरी शेतकऱ्याच्या मनात काही वाद नाही. त्याच्या हाताला त्या गवताची खाज सुटते.

पीएल-४८०ची दुसरी बाजू पाटोद्यात कुणाला माहीत असायचं कारण नाही, पण ती सांगितलीच पाहिजे. या धान्याची किंमत भारत रुपयांत चुकवत असे आणि ते रुपये इथेच खर्च करायचे होते. त्यातल्या काही पैशांतून १९६२पासून अमेरिकन ग्रंथालयांसाठी भारतीय भाषांतली पुस्तकं खरेदी होऊ लागली. मराठी कादंबऱ्या, संतवाङ्मयाच्या आवृत्त्या, नियतकालिकं जहाजाने शिकागोला, फिलाडेल्फियाला पोचली. इकडे गव्हाची पोती उतरत होती, तिकडे मराठी पुस्तकं. त्या पुस्तकांच्या जोरावर अमेरिकेत मराठीचे अभ्यासक तयार झाले आणि त्यांतले कित्येक पुढे आपल्या गावांपर्यंत आले.

पाटोद्याच्या पुढे सौताडा. विंचरणा नदी तिथे कड्यावरून खाली रामेश्वराच्या दरीत उडी घेते. तिथून जामखेड जवळच. जिल्हा बदलतो, बोली बदलत नाही.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघे वेल्लोरला शिकलेले, आधी नगर जिल्ह्यातल्याच वडाळा मिशनच्या रुग्णालयात काम केलेले, नंतर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले. तिथले त्यांचे प्राध्यापक कार्ल टेलर हे अमेरिकन मिशनरी आई-वडिलांच्या पोटी मसुरीच्या लंढोरमध्ये जन्मले होते. आरोळे दाम्पत्याने अमेरिकेतून पदव्या आणल्या, पण दवाखान्याचा अमेरिकन साचा आणला नाही. प्रत्येक गावाने आपल्यातली एक बाई निवडायची, ती बहुधा निरक्षर, अनेकदा दलित किंवा परित्यक्ता. तिला बाळंतपण, जुलाब, कुपोषण, क्षय, कुष्ठरोग यांचं शिक्षण द्यायचं आणि गावाचं आरोग्य तिच्या हाती सोपवायचं. १९७१मध्ये त्या भागात हजार जन्मांमागे १७६ अर्भकं दगावत. दोन-अडीच दशकांत तो आकडा तिशीच्या खाली आला. १९७९मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ला गेल्या, रजनीकांत २०११ला.

हे काम शिकायला जगभरातले लोक जामखेडला येतात. त्यांत अमेरिकन विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात. वैद्यकीय आणि सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी काही आठवडे राहतात, जमिनीवर मांडी घालून बसतात, आणि ज्यांच्यापुढे बसतात त्या असतात या गावांतल्या आरोग्यसेविका. दुभाष्या मध्ये असतो. आयुष्यभर पदर सावरत ओट्याच्या कडेला उभी राहिलेली बाई गोऱ्या मुलामुलींना सांगत असते की आडवं आलेलं मूल कसं ओळखायचं, सासूचं मन कसं वळवायचं, अंगात आलंय म्हणणाऱ्याच्या घरी कसं जायचं. मुलं वहीत लिहून घेत असतात.

या एका मांडणीने अमेरिकन माणसाची इथली जागाच बदलून टाकली. मिलोच्या काळात तो देणारा होता आणि गाव हात पसरणारं. इथे तो शिकायला आलेला असतो. आसपासच्या खेड्यांत चौकशी केली तेव्हा लोकांनी केलेल्या तक्रारीही याच नात्यातून आलेल्या होत्या. पाणी उकळून दिलं तरी पोरं घाबरतात. उन्हात चालवत नाही. न विचारता घरात डोकावतात, भिंतीचे, चुलीचे, नागड्या लेकरांचे फोटो काढतात. पण त्याच बायका हेही सांगत होत्या की ही पोरं जेवल्यावर ताट स्वतः उचलतात, उष्ट्या-खरकट्याला हात लावतात, दलित वस्तीत आणि पाटलाच्या वाड्यात सारख्याच मोकळेपणाने बसतात. जातीची अडचण त्यांना दिसत नाही, आणि न दिसल्यामुळे ते ती सहज ओलांडतात. गावातल्या पोराला जे धाडस लागतं ते या पाहुण्यांना लागत नाही, हे त्या बायकांना पक्कं कळलेलं आहे.

गोंधळ होतो तो दुसऱ्याच पाहुण्यांपाशी. हल्ली येणाऱ्यांत भारतीय वंशाच्या अमेरिकन मुली असतात. रंग आपला, नाव आपलं, आणि मराठीचा एक शब्द नाही. त्यांना पहिल्याच दिवशी आडनाव, गाव, लग्न आणि मराठी न येण्याचं कारण विचारलं जातं. गोऱ्या मुलीने ‘नमस्कार’ म्हटलं की कौतुक, हिने मोडकंतोडकं बोललं की दुरुस्ती. कृष्णवर्णीय विद्यार्थी आला की त्याला आफ्रिकेतला ठरवून लोक मोकळे होतात आणि तो टक लावून पाहणाऱ्या नजरांतून वाट काढत राहतो. हे आपल्या पाहुणचारातलं उणं आहे. त्याच्याकडे काणाडोळा करून चालणार नाही.

उलट दिशेचा प्रवासही झाला. जामखेड प्रकल्पातल्या आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनला एका आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलायला गेल्या. सभागृहातल्या झगमगत्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी तज्ज्ञ डॉक्टरांना झुंबराची उपमा दिली आणि स्वतःला पणतीची. झुंबर महाग आणि एका जागी लटकलेलं, तर पणती स्वस्त, हातातून हातात जाणारी आणि दुसरी पणती पेटवणारी, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. हजारोंचं ते सभागृह उठून उभं राहिलं. अमेरिकन माणूस आपल्याकडे आल्यावर कसा वाटतो या प्रश्नाचं निम्मं उत्तर आपला माणूस तिकडे कोणत्या नात्याने गेला यात आहे, हे मला जामखेडला कळलं.

जामखेडहून आष्टी, कडा, धानोरा करत नगरच्या वाटेला लागलो. नगरचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, बोलण्यात मात्र अजून नगरच आहे.

इथे अमेरिकन मंडळी फार जुनी. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे मिशनरी १८१३च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले तेव्हा अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध चालू होतं. कंपनी सरकारने त्यांना परत पाठवायचा घाट घातला होता. म्हणजे या देशात अमेरिकनांवर पहिला संशय घेतला तो इंग्रजांनी. हॉल टिकून राहिले, मराठी शिकले आणि १८२६मध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीने वारले. १८३१मध्ये मिशनने नगरला ठाणं केलं. १८४२मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक इथेच निघालं.

सिंथिया फरार या अविवाहित शिक्षिका १८२७मध्ये मुंबईला आल्या आणि नंतर नगरला आल्या. एकटी बाई समुद्र ओलांडून परमुलखात मुलींना शिकवायला येते, ही गोष्ट तेव्हा अमेरिकेतही नवीन होती. त्यांची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचं शिक्षण फरारबाईंच्या संस्थेत घेतलं. फरारबाई १८६२मध्ये नगरलाच वारल्या. पुण्यातल्या मुलींच्या शाळेची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, ती सांगताना नगरच्या या बाईंचं नाव सहसा गळतं. ते गळू नये.

फुल्यांनी पुढे १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सज्जनांना, काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी जो त्याग केला त्याबद्दल. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी माणसाने अमेरिकेकडे कसं पाहिलं याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नाही. सोळा वर्षांनी, १८८९मध्ये, पंडिता रमाबाईंनी अमेरिकेतल्या लोकस्थितीवर आणि आपल्या प्रवासावर मराठीत पुस्तक लिहिलं. तिथल्या स्त्रियांच्या संघटनांनी त्या भारावल्या होत्या, पण तिथला वर्णद्वेषही त्यांनी नोंदवला. आंधळं कौतुक नाही आणि आंधळा राग नाही. आजच्या आपल्या चर्चेला ही उंची क्वचितच गाठता येते.

मिशनऱ्यांबद्दलचं लोकमत मात्र एकसारखं कधीच नव्हतं. धर्मांतराची धास्ती खरी होती. नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या संसाराची काय वाताहत झाली, ते ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याच लक्ष्मीबाई पुढे याच मिशनच्या माणसांत राहिल्या आणि त्यांच्याविषयी आपुलकीने लिहिलं. डॉ. रॉबर्ट ह्यूम हे मुंबईत जन्मलेले अमेरिकन. १९००च्या दुष्काळातल्या कामाबद्दल सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं, आणि नगरचं चर्च आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं. आणखी एक, जस्टिन अ‍ॅबट. धर्मप्रसारासाठी आलेल्या या गृहस्थांना संतांनी ओढून नेलं. अमेरिकेत परतल्यावर न्यू जर्सीतल्या समिट गावी बसून त्यांनी ताहराबादच्या महिपतीची संतचरित्रं इंग्रजीत आणण्याचा ध्यास घेतला. राहुरी तालुक्यातल्या एका कुलकर्ण्याचं लेखन इंग्रजी वाचकांच्या हाती पोचवण्याचं मोठं श्रेय या माणसाला जातं.

नगरहून दौंड रस्त्याला अरणगाव. इथल्या मेहेराबादला मेहेरबाबांची समाधी आहे. ३१ जानेवारीच्या अमरतिथीला देशोदेशीचे भक्त टेकडीवर जमतात. अमेरिकन भक्त तर वर्षभर दिसतात आणि काही वर्षानुवर्षं राहिलेले आहेत. साधा सुती पोशाख, हातात पिशवी, समोरून येणाऱ्याला ‘जय बाबा’. अरणगावच्या लोकांना त्यांचं नवल उरलेलं नाही. रिक्षावाल्याला त्यांची वेळ माहीत आहे, दुकानदाराला त्यांची साबणाची आवड. जो गुडघे टेकून मातीला डोकं लावतो, त्याच्या देशाने कुठे विमानं पाठवली याचा जाब त्याला कुणी विचारत नाही.

तो जाब इतरांना मात्र विचारला गेला. १९७०च्या दशकात खेड्यात राहून अभ्यास करणारा अमेरिकन म्हणजे सीआयएचा हस्तक, अशी कुजबुज महाराष्ट्रात सर्रास होती. मॅक्सीन बर्नसन फलटणला भाषेचा अभ्यास करायला आल्या आणि तिथल्याच झाल्या. १९७८मध्ये त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतलं आणि दलित वस्तीतल्या मुलांसाठी सुरू केलेल्या वर्गांतून प्रगत शिक्षण संस्था उभी केली. मिनियापोलिसला जन्मलेल्या गेल ऑमव्हेट यांनी सत्यशोधक चळवळीवर बर्कलेत प्रबंध लिहिला, भारत पाटणकरांशी लग्न करून सांगली जिल्ह्यातलं कासेगाव गाठलं, १९८३मध्ये त्या भारतीय नागरिक झाल्या. परित्यक्तांच्या आणि धरणग्रस्तांच्या मोर्चांत त्या उन्हातान्हात चालल्या. २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावातच त्यांचं निधन झालं. अशा माणसांपुढे कुजबुज टिकत नाही. एलिनॉर झेलियट मिनेसोटातल्या एका छोट्या गावी शिकवत राहिल्या, पण आंबेडकरी चळवळीवरच्या त्यांच्या अभ्यासामुळे औरंगाबादच्या मिलिंद परिसरापासून पुण्यापर्यंत त्यांना घरचं माणूस मानणारी कुटुंबं होती.

विश्वास कमवायला वर्षं लागतात, जायला एक पुस्तक पुरतं. अमेरिकन अभ्यासक जेम्स लेन यांच्या शिवरायांवरच्या पुस्तकातल्या मजकुराने महाराष्ट्र संतापला आणि ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेची मोडतोड झाली. लोकांच्या मनाला लागलेला घाव खरा होता. ग्रंथांवर आणि संस्थेवर हात टाकणं मात्र कोणत्याही घावाचं उत्तर नव्हतं. ज्यांचा त्या पुस्तकाशी काडीचा संबंध नव्हता, अशा अभ्यासकांकडेही लोक त्यानंतर साशंकपणे पाहू लागले.

एका माणसाने केलेलं सगळ्यांच्या अंगाला चिकटतं, हे बीडच्या माणसाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. ऊसतोडीला गेलेल्या टोळीला परक्या गावात पहिल्यांदा चोरीचा वहीम येतो. पुण्यात खोली शोधणाऱ्या पोराने बीडचं नाव घेतलं की घरमालकाच्या कपाळावर आठी उमटते. इराक युद्धाच्या काळात काही अमेरिकन प्रवासी आपल्या पिशवीवर कॅनडाचं मेपलचं पान शिवून फिरत, असं सांगतात. ही गोष्ट मी आष्टीच्या बसस्थानकात कॉलेजच्या मुलांना सांगितली तेव्हा एक जण लगेच म्हणाला, आम्ही पण कधी कधी नगरचेच सांगतो.

१९५८मध्ये अमेरिकेत ‘द अग्ली अमेरिकन’ नावाची कादंबरी गाजली. उद्धट, मिजासखोर अमेरिकनासाठी तो शब्द पुढे जगभर रूढ झाला. पण कादंबरीतला तो कुरूप माणूस खरं तर चांगला आहे. तो इंजिनियर आहे, खेड्यात राहतो आणि सायकलच्या भागांतून पाणी उपसायचा पंप बनवतो. मिजासखोर आहेत ते राजधानीत बसलेले. बीड-नगरच्या पट्ट्यात मला मिळालेला निवाडाही हाच आहे. ज्या अमेरिकनाने वरून धान्य टाकलं त्याची आठवण कडवट आहे. जो येऊन राहिला, भाषा शिकला आणि इथल्या बाईसमोर विद्यार्थी म्हणून बसला, त्याला गावाने आपलं म्हटलं.

बीड, पाटोदा, आष्टी, जामखेडकडच्या वाचकांना एक विनंती. मिलोची भाकरी थापलेल्या आणि अमेरिकन पोरांना बाळंतपण शिकवलेल्या बायका आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्याजवळ बसा, विचारा, आणि त्या सांगतील ते त्यांच्याच बोलीत, गावाचं नाव आणि साल घालून उतरवून ठेवा. अमेरिकेतल्या ग्रंथालयांत आपल्या पुस्तकांची कपाटं आहेत. आपण पाहिलेल्या अमेरिकनांची नोंद आपल्याकडे फार थोडी आहे.